ताप उतरला, सखे

वेलचेरी, चेन्नई
मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी साडेसहा

तीर्थरूप शैलामावशीस,

तुझ्या शशिकलाचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात मी स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर ताठ बसून लिहिते आहे, तेव्हा "वाकून" हा शब्द खरा नाही. पण तो खोडून "ताठ बसून नमस्कार" असं लिहिलं तर तू पुढच्या गाडीने कराडहून निघशील.)

तुझा गुडघा आता काय म्हणतो? वाचनालयाचा जिना तू अजून चढतेस, असं तुझ्या जावयाला, उपेंद्रला, कुणीतरी सांगितलं. कुणी ते मी लिहीत नाही, कारण त्यांनी नाव सांगू नका असं बजावलं आहे, पण त्या तुझ्या समोरच राहतात. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे उपेंद्रला सर्दी आहे, पण ती कारखान्यातल्या एसीची आहे असं तो म्हणतो. मी त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेवते, त्यामुळे तो माझ्याशी जरा कमी बोलतो. पाऊस थांबला आहे. या वर्षी तळमजल्यावर पाणी शिरलं नाही, फक्त गाड्या ठेवतो तिथे घोट्यापर्यंत आलं, आणि वेलचेरीत घोट्याएवढ्या पाण्याला आम्ही पाणी म्हणत नाही.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तू म्हणशील. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा तू "ऐकू येत नाही गं, मोठ्यानं बोल" म्हणालीस, आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी मोठ्यानं "हवा बरी आहे" एवढंच ओरडले. (डायरीत पाहिलं : २५, २७ आणि ३० नोव्हेंबर. तिन्ही दिवशी हवा बरी नव्हती.) कागदावर असं निसटता येत नाही, म्हणून कागद.

तेव्हा मुख्य गोष्ट आधी सांगते. तुझं डेंग्यूचं गाणं इथे सर्वांना फार आवडलं. हे अगदी खरं आहे, तुझं मन राखायला लिहीत नाही. एका गृहस्थांना ते जरा जास्तच आवडलं. त्यांनी त्यातल्या शेवटच्या कडव्याप्रमाणे वागायचं ठरवलं आणि त्यापायी ते चार दिवस हॉस्पिटलात होते. आता घरी आहेत, दोन्ही वेळा जेवतात. घाबरू नकोस. (मी घाबरले, पण ते माझं नेहमीचंच.) गाणं चौदा तारखेला, रविवारी, पुन्हा होणार आहे, मैलापूरच्या एका सभागृहात, आणि तिथे आमच्या तिप्पट माणसं असतील. आता पहिल्यापासून सांगते.

सप्टेंबरात आमच्या इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण झाले. दोघेही बरे झाले. पण मी असोसिएशनच्या आरोग्य समितीवर आहे (समिती म्हणजे मी आणि एक रजिस्टर), म्हणून मी लिफ्टशेजारी तमिळ आणि इंग्रजीत सूचना लावली : साचलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाका, बादल्या झाका, हा डास दिवसा चावतो. दुसऱ्या दिवशी सूचनेतल्या डासाला कुणीतरी मिशा काढल्या. सूचनेच्या बरोबर खाली असोसिएशनची मनीप्लांटची कुंडी आहे. तिच्या खालच्या बशीत मी स्वतः अळ्या वळवळताना पाहिल्या. माझ्या सूचनेच्या इतक्या जवळ दुसरं कुणीच आलं नसेल.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आमचे अध्यक्ष एकोजीराव म्हणाले, "अम्मा, कागद कोण वाचतो? कागदास मिशा काढतात. नाच करा. नाच सगळे पाहतात." एकोजीराव तंजावरकडचे, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकली की जुन्या बखरीतला एखादा कारकून तमिळ बातम्या वाचतो आहे असं वाटतं. माझी मराठी ऐकून त्यांना काय वाटतं तेही त्यांनी सांगितलं आहे : "फार घाईची." माणूस मोठा उमदा, वय त्रेसष्ट, आवाज असा की माइक लागत नाही, पण माइक सोडत नाहीत.

नाचासाठी तिसऱ्या मजल्यावरची रंजनी होतीच. ती भरतनाट्यम् शिकवते. तीही तंजावरी मराठीच, पण तिच्या घरात मराठी आता फक्त वाढताना आणि रागावताना वापरतात, मधलं सगळं तमिळ. गायला मैलापूरचे गिरिधरराव मिळाले, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर कीर्तनं केलेली. यांच्या कीर्तनांत साकी, दिंडी, ओवी अजून गातात, हे मला इथे अठरा वर्षं राहूनही माहीत नव्हतं. (त्याची लाज वाटली, ती वेगळी नोंदवली आहे.) उरलं गाणं. तेव्हा मी हात वर केला आणि म्हटलं, माझी मावशी लिहील. हे मी लोकांच्या आरोग्यासाठी म्हटलं, की कराडच्या माझ्या मावशीचं नाव चेन्नईत माइकवरून ऐकायला मिळावं म्हणून, हा प्रश्न तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता. नंतर विचारला. उत्तर साधारण निम्मं-निम्मं आलं.

आणि तू आठ दिवसांत गाणं पाठवलंस!

ताप चढे गं सखये अंगी, डोळ्यांमागे शूळ
हाडे मोडुन यावी तैसे दुखते अंग समूळ

डोळ्यांच्या मागचं दुखणं, हाडं मोडल्यासारखं अंग. डेंग्यूची लक्षणं इतकी नेमकी मी औषधांच्या पत्रकातही वाचलेली नाहीत, आणि माझं तर कामच ते आहे. (पेरुंगुडीच्या ऑफिसात तू नक्की करतेस काय, असं तू विचारत असतेस. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, त्याचा मजकूर मी तपासते. "जेवणानंतर"च्या जागी "जेवणाआधी" पडलं असेल तर ते मी पकडायचं.) शेवटचं कडवं तर गिरिधररावांनी वाचता वाचताच चालीत म्हणायला सुरुवात केली :

ताप उतरला सखे अता गं, चिंता सारी सरली
दारापुढती पुन्हा गडे गं रांगोळी मी भरली

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. गिरिधररावांना देवनागरी वाचता येते, रंजनीला येत नाही. म्हणून त्यांनी तिच्यासाठी तुझं गाणं तमिळ अक्षरांत उतरवून दिलं. आपल्या तापाला तमिळमध्ये काय्चल म्हणतात. "तापम्" असाही शब्द त्यांच्याकडे आहे, पण त्याचा अर्थ विरहाची तळमळ, आणि नाचणाऱ्या माणसाला तो शब्द दिसला की पुढचं काही दिसत नाही. शूळ म्हटलं तर त्रिशूळातला. म्हणजे रंजनीने वाचलं असं : सखये, माझ्या अंगात त्याच्यासाठी तळमळ भरली आहे, डोळ्यांत भाला रुतला आहे, माझी हाडं मोडली आहेत. तिने मला लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "अक्का, किती सुंदर पदम्!" पदम् म्हणजे नाचातलं शृंगाराचं गीत, हे मला नंतर कळलं. मी अंगठा पाठवला. तालमींना मी गेले नाही, तिमाहीचं काम होतं. (तालमी तीन झाल्या. तिन्ही तारखांपुढे डायरीत "काम" असं लिहिलं आहे. त्यातल्या एका शनिवारी काम नव्हतं.)

सोळा नोव्हेंबरला आमच्या खालच्या हॉलमध्ये एकशे चाळीस माणसं जमली. पडदा सरकला (चादरी होत्या, एकोजीरावांच्या पत्नी चंद्रिका यांच्या), आणि रंजनी चांदण्यात कमळांच्या तळ्याकाठी बसलेली. मावशी, साचलेल्या पाण्याकाठी! त्या पाण्याकडे ती अशा मायेने पाहत होती की मी दुसऱ्या रांगेतून तिला हाताने "ओत, ओतून टाक" अशा खुणा करू लागले. शेजारच्या बाईंना वाटलं मी ताल धरते आहे. त्यांनी माझा हात धरून ताल सुधारून दिला.

मग डास आला. डासासाठी नाचात मुद्रा नाही म्हणे, भुंग्यासाठी आहे, तीच तिने घेतली. भुंगा तिच्या चेहऱ्याभोवती घुटमळला, गालावर टेकला, आणि ती लाजली. हा डास दिवसा चावतो हे मी तिला दोनदा लिहून दिलं होतं. पण विरह भर दुपारी कसा करणार? म्हणून चांदणं. पुढे अंगात ताप चढला, सखीने चंदन लावलं, डोळ्यांमागे शूळ आला तेव्हा कुणा देखण्या पुरुषाची नजर भाल्यासारखी येऊन लागली. पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते. डेंग्यूच्या रोग्याबद्दल एवढी सहानुभूती मी कुठे पाहिलेली नाही. फक्त डासाबद्दलही तितकीच होती.

दर कडव्यानंतर एकोजीराव तमिळमधून सार सांगत होते. त्यांना मराठी कळते, त्यामुळे ते बरोबर ताप, बादल्या, कुंडीखालची बशी असंच सांगत होते. म्हणजे लोकांना दिसत होतं प्रेम आणि ऐकू येत होत्या बादल्या. त्यांनी दोन्ही मुकाट्याने मान्य केलं. (मला वाटतं, नाचाला येणारी माणसं न कळण्याला सरावलेली असतात. हे वाक्य जरा उर्मट झालं, पण खोडत नाही.) शेवटच्या कडव्याला तो देखणा पुरुष परत आला, मृदंग जलद झाला, रंजनीने कपाळाला हात लावला, ताप उतरला, आणि ती जी नाचत सुटली ती रांगोळी काढूनच थांबली. एकोजीराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काय्चल पोच्चु, कवलै पोच्चु!" म्हणजे ताप गेला, चिंता गेली. तुझी ओळच, मावशी, पण तमिळमध्ये तिला असा ठेका आला की हॉलमधल्या एकशे चाळीस माणसांनी ती त्यांच्यामागून म्हटली. तीनदा.

कार्यक्रमानंतर मी रंजनीला गाठलं. ती घाम पुसत होती. मी म्हटलं, अगं, ताप म्हणजे काय्चल. "अय्यो, अक्का! म्हणजे ती बिचारी खरीच आजारी होती?" मग हळूच म्हणाली, "आणि तो भुंगा?" मी म्हटलं, डास. ती खुर्चीवर बसली. "मी त्यास गाल दिला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत ते वाक्य सुरू झालं. लिफ्टमध्ये, इस्त्रीवाल्याकडे, भाजीच्या गाडीवर : काय्चल पोच्चु, कवलै पोच्चु. नेटका, चालीवर म्हणता येणारा, कुणीही विसरणार नाही असा आरोग्यसंदेश. आमच्या कंपनीत असं एक वाक्य तयार करायला सहा माणसं तीन महिने बसतात.

गुरुवारी, वीस तारखेला, एकोजीरावांना ताप आला. एकशे तीन. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिली, पाणी भरपूर प्या म्हटलं, रक्त तपासायला सांगितलं. गोळ्या तेवढ्या त्यांनी घेतल्या. सोमवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मला लिफ्टमध्ये चंद्रिका भेटल्या. चेहरा फुललेला. म्हणाल्या, "उतरला हो ताप! अंग कसं गार पडलंय. स्नान करून खाली गेलेत, पंपवाल्याशी भांडतायत." आणि त्यांनी तुझी ओळ चालीत म्हणून दाखवली. मग म्हणाल्या की पोट जरा दुखतंय, दोनदा उलटी झाली, पण ती कालच्या सांबाराची.

मावशी, हे तुला नीट सांगायलाच हवं. डेंग्यूचा सगळा कावा इथे आहे. बाकीच्या तापांत ताप उतरला की माणूस सुटला. डेंग्यूत ताप उतरतो आणि पुढचे एक-दोन दिवस हेच सर्वांत जपायचे असतात. काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी आतल्या आत झिरपू लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणतात, चला, अंग गार पडलं. हे मला माहीत होतं. तरी मी लिफ्टमधून उतरून दारातच उभी राहिले. आठ पाच ते आठ सोळा. अकरा मिनिटं मी काय विचार करत होते ते डायरीत लिहिलं आहे : ते अध्यक्ष आहेत, मी डॉक्टर नाही, उगाच घाबरवलं असं होईल, सांबारही असू शकेल. हे वाचून आता माझी मलाच चीड येते.

मग मी खाली धावले. एकोजीराव पंपाच्या खोलीपाशी उभे होते, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध, एक हात पोटावर. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चला. म्हणाले, "कशास? ताप उतरला." मी म्हटलं, म्हणूनच. म्हणाले, "तुमच्या मावशींनी काय लिहिलं आहे? चिंता सारी सरली. मग?" आणि तिथे, पंपवाला, इस्त्रीवाला, चंद्रिका आणि शहाळीवाला अशा चार माणसांसमोर मी मोठ्याने म्हटलं, "मावशी चुकली!"

तुझ्याबद्दल असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले. माझे कान गरम झाले. एकोजीरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी कुणाच्या आईला नावं ठेवली. "एवढ्या शिकलेल्या बाई चुकतील कशा?" असं म्हणाले, आणि म्हणता म्हणता पंपाच्या पायरीवर बसले, आणि मग त्यांना उठता येईना.

ऑटोत मी त्यांचा हात धरून होते. बर्फासारखा होता. ते एकदाच बोलले : "पंपाचं बघा." हॉस्पिटलातल्या डॉक्टर अगदी तरुण होत्या, आमच्या लेकीपेक्षा, निधीपेक्षा, फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, आणि दोन मिनिटांत दोन्ही हातांना सलाईन लागलं. प्लेटलेट बावीस हजार. पण त्या म्हणाल्या, आकड्याहून महत्त्वाचं हे, की रक्त घट्ट झालंय, पाणी बाहेर चाललंय. मी विचारलं, दुपारी आणलं असतं तर? त्यांनी सलाईनचा वेग पाहिला. संध्याकाळी चंद्रिकांनी माझा हात घट्ट धरला आणि तीच ओळ रडत म्हणाल्या, चालीत नाही, साधी. मी तिथून उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

शुक्रवारी ते घरी आले. आता उशीला टेकून असोसिएशनचा कारभार चालवतात. पंप दुरुस्त झाला.

तर इकडची हकीकत ही अशी. रंजनीने मात्र नाच पुन्हा बसवला आहे. आता तळं नाही, बादली आहे, आणि रंजनी ती लाथेने उलटवते. भुंगा दिवसाढवळ्या येतो, आणि त्याच्याकडे ती असं बघते की मीसुद्धा दोन पावलं मागे सरते. गिरिधररावांचा आवाज ठीक आहे. सगळे तुझी आठवण काढतात. तू जिना चढू नकोस. बाकी विशेष काही नाही.

इथून तुझ्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत सर्वांना आमचं प्रेम,

तुझी
शशिकला

ता. क. : विशेष काही नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. शेवटच्या कडव्यातली ती ओळ बदलायला हवी, आणि त्यासाठी तुझी परवानगी हवी. मी स्वतः एक ओळ करून गिरिधररावांना दिली होती : "ताप उतरला तरी रक्ताची तपासणी जरूर करून घ्यावी." त्यांनी ती दोनदा म्हणून पाहिली, दुसऱ्यांदा खोकला आला. म्हणाले, "अम्मा, ही साकी नव्हे, प्रिस्क्रिप्शन." मग उपेंद्रने नाक शिंकरत शिंकरत सांगितलं की एवढं कशाला, दोनच शब्द बदला : "ताप उतरला सखे तरी गं, चिंता नाही सरली." मात्रा अगदी बसतात. मी बोटांवर चार वेळा मोजल्या. पण गिरिधरराव हेही गायला तयार नाहीत. अठ्ठावन्न वर्षं गातो आहे, म्हणाले, कर्त्याचं अक्षर कधी बदललं नाही, कर्ता जिवंत असता तर मुळीच नाही. कर्त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं तर गाईन. मी म्हटलं, फोनवर बोलता का? म्हणाले, "फोनवर कुणीही मावशी होईल." तेव्हा दोन ओळींचं पत्र, तुझ्या अक्षरात, स्पीड पोस्टने. शिवाय चिंता सरली नाही म्हटल्यावर पुढच्या ओळीत ती बाई रांगोळी काढू शकत नाही, तिला निजवायला हवं. ती ओळ तूच लिही. ते मला जमणार नाही.

आणखी एक : हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. वर घोटाळ्यासाठी मी तमिळ लिपीचं नाव घेतलं, रंजनीचं घेतलं, भुंग्याचं घेतलं, एकोजीरावांच्या माइकचं घेतलं, आणि चार माणसांसमोर तुझंही घेतलं. २९ सप्टेंबरची माझी डायरी अशी आहे : "मावशीचं गाणं आलं. फार सुंदर. शेवटचं कडवं चूक आहे. ताप उतरताना चिंता सुरू होते. आजच कळवणे." कळवलं नाही. तू कागदाच्या कडेला बारीक लिहिलं होतंस, "तुझे काका गेल्यावर पहिल्यांदाच यमक जुळलं गं." ते वाचून मला वाटलं, राहू दे एक ओळ, नाचात कुणाच्या लक्षात येते. मावशी, दुसऱ्यांच्या कागदावरचा "आधी" आणि "नंतर" पकडायचा मला पगार मिळतो. तुझी ओळ माझ्या हातून गेली, डोळे उघडे असताना. तू चुकली नाहीस. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती गप्प बसली. पंपाच्या खोलीपुढे मी जे म्हटलं ते परत घेते. तिथे जाऊन परत घेतलंही, पण तेव्हा फक्त इस्त्रीवाला होता.

पाकीट चिकटवण्याआधी : एकोजीराव आत्ताच काठी टेकत येऊन गेले. मैलापूरला प्रास्ताविक तेच करणार आहेत. या गाण्याने आपण कसे वाचलो ते सांगणार, आणि शेवटी चारशे लोकांकडून काय्चल पोच्चु म्हणवून घेणार. त्यांच्या मते ताप गाण्याप्रमाणेच गेला, पोटदुखी सांबाराची होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? म्हणाले, "डॉक्टर लहान मुलगी आहे, अम्मा. गाणं लिहिणाऱ्या बाई एकाहत्तर वर्षांच्या." तेव्हा तुझ्या पत्रात एक ओळ त्यांच्यासाठीही टाक, जरा वडिलकीने, मोठ्या अक्षरात.

आणि हे सांगायलाच हवं. पत्र आलं नाही, किंवा आलं आणि तू "बदलू नये" असं लिहिलंस, तरी ती ओळ मी गाऊ देणार नाही. त्या कडव्याच्या आधी स्टेजवर जाऊन उभी राहणार आहे आणि माझ्या भाजीबाजारातल्या तमिळमध्ये लोकांना सांगणार आहे की ताप उतरला की डॉक्टरकडे जा, आणि ही चूक माझी. काय सांगायचं ते पाठ करते आहे. पहिल्या वाक्यापुढे अजून गेले नाही. म्हणजे तुझ्याकडे परवानगी मागते आहे आणि नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. रागावायचंच असेल तर सोमवारी रागाव. रविवारपर्यंत जेवढा धीर आहे तेवढाच मला पुरवायचा आहे.